मालदांडीचे मोठे कणीस बियाण्याला धरले, तरी पुढच्या वर्षी कणसे तेवढी मोठी का येत नाहीत?

ज्वारीवाली (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. घर मंगळवेढा तालुक्यात आहे आणि आमची तीन एकर काळी जमीन दरवर्षी रब्बी ज्वारीखाली असते. माझा प्रश्न अर्धा अभ्यासक्रमातला आहे आणि अर्धा आमच्या माळवदाखालचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, काढणीच्या आधी दोन दिवस रानातून फिरतात, डोळ्यांत भरतील अशी दीड-दोनशे कणसे खुडतात, त्यांच्या जुड्या बांधून तुळईला टांगतात आणि पुढच्या पेरणीला तेच बी तिफणीच्या चाड्यात पडते. आजोबांचीही हीच रीत होती. वाण मालदांडीच. इतकी वर्षे मोठ्यातले मोठे कणीस निवडूनही आमच्या रानातले कणीस वाढले आहे, असे घरातल्या कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बैल चांगला पाहून घेतला की वासरू चांगले निघते, मग कणसाच्या बाबतीत असे का होऊ नये, हा अण्णांचा प्रश्न आहे आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकलो: उंच आणि बुटके, तीनास एक. या वर्षी उभ्या पिकात मी एका ओळीतली सव्वाशे ताटे टेपने मोजली. सर्वांत ठेंगणे ताट पाच फुटांचे होते, सर्वांत उंच आठ फुटांना टेकलेले, आणि मधल्या प्रत्येक इंचावर कोणी ना कोणी उभे होतेच. दोन गट कुठेच पडत नाहीत. सरांनी "हा बहुजनुकीय गुण आहे" असे सांगितले आणि तास संपला. ही अनेक जनुके नेमकी कुठे असतात, आणि पानाचा तुकडा प्रयोगशाळेत देऊन चांगले कणीस आधीच ओळखता येते, असे माझा चुलतभाऊ म्हणतो, ते कितपत खरे आहे?

निवृत्त_पैदासकार

ताई, आपण ताटे टेपने मोजलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी आधी रानाकडून येतो, जनुकांकडे इतर सभासद वळतीलच.

आपण जी मालदांडी म्हणता, ती एम ३५-१ असेल तर ती मुळातच एक निवड आहे. आपल्याच जिल्ह्यात मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून ती वेगळी काढली गेली. ज्वारीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, वाऱ्याने होणारा संकर थोडा असतो. अशा पिकात पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीभवन होत गेले की एका घराण्यातली सगळी ताटे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखी होतात. ती दिसायला सारखी असतील असे मात्र नाही, आणि सारी गफलत इथेच होते.

डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ मध्ये हे घेवड्यावर दाखवले. त्यांनी बाजारातल्या मिश्र बियांपासून १९ शुद्ध वंश वेगळे केले. मिश्र ढिगातून जड बी निवडले की पुढची पिढी खरोखर जड निघे, कारण त्या ढिगात जड घराणीही होती आणि हलकीही. मात्र एकाच वंशातले सर्वांत जड बी आणि सर्वांत हलके बी वेगवेगळे पेरले, तेव्हा दोघांच्या संततीचे सरासरी वजन सारखेच आले आणि अनेक पिढ्या निवड करूनही त्यात फरक पडला नाही. वंशातल्या वंशात दिसणारा फरक शेंगेत बी कुठे बसले, झाडाला किती अन्न मिळाले, यातून आलेला होता. तो बियाण्यातून पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. "जनुक" या संकल्पनेसाठीचा मूळ शब्दही याच गृहस्थांनी १९०९ मध्ये रूढ केला.

अण्णांच्या उदाहरणाचाही आदर राखून सांगतो की बैल आणि गाय ही दोन भिन्न जनावरे असतात, त्यांच्या जनुकांची दर पिढीत नवी सरमिसळ होते आणि म्हणून तिथे निवडीला वाव असतो. जिथे वाव असतो तिथे निवड काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या मक्याचे आहे. मका परपरागी, म्हणजे बहुतांशी दुसऱ्या ताटाच्या परागावर फळणारा. १८९६ मध्ये १६३ कणसांपासून सुरुवात करून दरवर्षी जास्त तेलाची कणसे निवडत गेले, आणि सुमारे पाच टक्के असलेले तेल शंभर पिढ्यांत जवळपास चौपट झाले. पद्धत आपल्या अण्णांचीच होती. फरक इतकाच की निवडायला जनुकांमधले वैविध्य तिथे शिल्लक होते आणि तेलाचे प्रमाण डोळ्यांनी न ठरवता तपासून ठरवले जात होते.

एक विचारतो, राग मानू नये. अण्णांनी ती मोठी कणसे रानाच्या कोणत्या भागातून खुडली, हे त्यांना आठवते का? बांधाकडेच्या ओळीला एका बाजूने शेजारी नसतो. तिफणीच्या नळ्यात माती अडकून जिथे तुटाळ पडते, तिथल्या ताटाला दुप्पट जागा मिळते. असे कणीस मोठे असणारच.

संख्याशास्त्र_शिक्षक

उंचीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मेंडेलचा नियम आणि इंचाइंचाने बदलणारी उंची यांचा मेळ कसा घालायचा, यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती, त्यामुळे आपली शंका अगदी रास्त आहे.

स्वीडनच्या निल्सन-एले यांनी १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या तांबड्या रंगावर हिशेब मांडला. समजा रंगाला कारण असलेली जनुके तीन आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती म्हणजे एकूण सहा जागा आहेत. प्रत्येक जागेवर "गडद" रूप आले की रंग थोडा चढतो. तांबडा आणि पांढरा यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ६४ झाडांमागे १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी रंगाची पायरी पडते. प्रत्येक जनुक मेंडेलच्या नियमानेच चालते आहे, पण सात पायऱ्या शेजारी-शेजारी बसल्या आणि त्यांवर ओलावा, खत, ऊन यांचा थोडा गोंधळ पसरला की पायऱ्या पुसल्या जातात आणि आपल्या टेपला दिसतो तसा मधे फुगलेला घंटेचा आकार उरतो. फिशर यांनी १९१८ मध्ये हेच सर्वसाधारण गणितात बसवले आणि तो वाद बहुतांशी मिटला. आपल्याकडे व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या सुमारास इंदूरला कापसाच्या संख्यात्मक गुणांवर याच धर्तीचे काम केले, याचा उल्लेख मराठी विद्यार्थ्यांपुढे फारसा होत नाही म्हणून मुद्दाम करतो.

आता जनुके तीनऐवजी दहा धरा. दहाही ठिकाणी दोन्ही प्रती "उंच" असलेले झाड दुसऱ्या पिढीत ४ च्या दहाव्या घातात एक, म्हणजे १०,४८,५७६ झाडांत एक मिळते. ज्वारी ४५ बाय १५ सेंटिमीटरवर पेरली तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात, म्हणजे ते एक ताट शोधायला सात हेक्टर रान पालथे घालावे लागेल आणि त्यातही ते डोळ्यांनी ओळखू येईलच असे नाही. सर्वांत टोकाचे झाड एका झटक्यात शोधण्याऐवजी पैदासकार पिढीमागून पिढी थोडे-थोडे का सरकतात, याचे कारण हे आहे.

अण्णांच्या प्रश्नाला एक सूत्र लागू पडते. निवडलेली कणसे रानाच्या सरासरीपेक्षा जितकी वरचढ असतील, त्याला हेरिटॅबिलिटीने (दिसणाऱ्या फरकातल्या आनुवंशिक हिश्श्याने) गुणले की पुढच्या पिढीची अपेक्षित वाढ मिळते. समजा निवडलेली कणसे सरासरीहून ४० ग्रॅम जड आहेत. हेरिटॅबिलिटी अर्धी असेल तर २० ग्रॅम पदरात पडतील, एक दशांश असेल तर ४ ग्रॅम, आणि वर सांगितलेल्या शुद्ध वंशासारखी शून्य असेल तर काहीच नाही. विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात. हेरिटॅबिलिटी ६० टक्के म्हणजे त्या ताटाची ६० टक्के उंची जनुकांनी घडवली, असा अर्थ नसतो. त्या रानात, त्या वर्षी, ताटाताटांत जो फरक दिसला त्यातला किती हिस्सा जनुकांमधल्या फरकामुळे होता, एवढेच ती सांगते. त्याच वाणाचे दुसऱ्या जमिनीत वेगळे प्रमाण येऊ शकते.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

मी शास्त्राचा माणूस नाही, पण आमच्या बागेत याचा पुरावा झाडावर लटकलेला असतो. भगवा या डाळिंबाच्या वाणाची आमची सगळी झाडे गुटी कलमाची आहेत, म्हणजे जनुकांच्या भाषेत ती एकच झाड आहे असे म्हणायला हरकत नाही. तरीही एकाच झाडावर एक फळ पाचशे ग्रॅमला जाते आणि त्याच फांदीच्या आतल्या बाजूचे दीडशेवर थांबते. मृग बहार धरला तर रंग वेगळा आणि हस्त बहार धरला तर वेगळा. ठिबकची नळी जिथे तुंबते तिथला अख्खा पट्टा बारीक राहतो. हा सगळा फरक जनुकांशिवायचा आहे, कारण जनुकांत फरकच नाही.

म्हणून "सर्वांत मोठे फळ देणाऱ्या झाडाची गुटी" अशी जाहिरात करून कोणी रोपामागे जादा पैसे मागत असेल, तर ते मी देत नाही. एकदा दिले होते, आणि पाचव्या वर्षी ती ओळ इतर ओळींसारखीच निघाली. मातृवृक्ष निरोगी असावा, त्यावर तेल्या रोग नसावा, हे मात्र पाहिलेच पाहिजे, कारण रोग कलमाबरोबर येतो. तेल्याचाच दुसरा धडा असा की झाडे सगळी एकसारखी असली म्हणजे रोगापुढेही ती एकसारखीच हतबल असतात आणि त्यांतून तगणारे झाड निवडून काढावे म्हटले तर निवडायला काही नसते.

बियाणे_प्रयोगशाळा

ज्वारीवाली ताईंच्या चुलतभावाच्या मुद्द्याकडे येतो. तो पूर्ण चूक नाही, पण प्रत्येक गुणाला ते सारखे लागू नाही.

ज्वारीच्या उंचीत सर्व काही असंख्य बारीक जनुकांवर सोडलेले नाही. कांड्यांची लांबी ठरवणारी चार मोठी ठिकाणे १९५४ पासून ज्ञात आहेत: डीडब्ल्यू १ ते डीडब्ल्यू ४. यांतल्या तीन ठिकाणी बुटके रूप असेल तर यंत्राने कापता येईल अशी ठेंगणी ज्वारी मिळते. डीडब्ल्यू ३ चे कार्य २००३ मध्ये उलगडले. ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक पेशीतून पुढे पाठवणाऱ्या प्रथिनाचे ते जनुक आहे, आणि त्याच्या बुटक्या रूपात डीएनएच्या ८८२ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आला आहे. गंमत अशी की हा जादा तुकडा कधी-कधी आपोआप गळतो, जनुक पूर्ववत होते आणि ठेंगण्या पिकात मधेच एखादे उंच ताट डोके वर काढते. आपल्या रब्बी पट्ट्यात मात्र ठेंगणी ज्वारी शेतकऱ्याने मनापासून कधी स्वीकारली नाही, कारण इथे धान्याइतकाच कडबा मोलाचा आहे आणि कडब्याच्या पेंढीचा भाव ताटाच्या उंचीवर ठरतो. त्यामुळे ताईंनी मोजलेल्या पाच ते आठ फुटांत या मोठ्या जनुकांचा वाटा बहुधा नाही. तो फरक लहान जनुकांचा आणि त्याहून जास्त जमिनीचा असावा.

जनुके "कुठे" असतात हे शोधण्याची युक्ती जुनी आहे. सॅक्स यांनी १९२३ मध्ये मोठ्या रंगीत बियांचा घेवडा आणि लहान पांढऱ्या बियांचा घेवडा यांचा संकर केला, तेव्हा संततीत रंगीत बी सरासरीने जड निघाले. म्हणजे रंगाच्या जनुकाशेजारीच वजनाचे एखादे जनुक बसलेले होते. आज रंगाच्या जागी हजारो डीएनए मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरच्या तपासता येणाऱ्या खुणा, असतात. दोन वाणांचा संकर करायचा, त्यातून दोनेकशे ओळी (स्थिर झालेली वेगवेगळी घराणी) तयार करायच्या, प्रत्येक ओळ शेतात मोजायची आणि कोणत्या मार्करसोबत गुण चढतो-उतरतो ते पाहायचे. अशा भागाला क्यूटीएल म्हणतात. ज्वारीच्या दहा गुणसूत्रांचा सुमारे ७३ कोटी अक्षरांचा जनुकसंच २००९ मध्ये वाचून झाल्याने हे काम पुष्कळ सुकर झाले.

सोलापूरकरांच्या कामाचे उदाहरण "स्टे-ग्रीन" या गुणाचे आहे. परतीचा पाऊस गेल्यावर आपली ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर जगते आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपली की पाने खालून वाळत जातात, ताट पोकळ होते आणि खडखड्या रोग शिरतो. इथिओपियन ज्वारीपासून आलेल्या बी ३५ या वाणात पाने उशिरापर्यंत हिरवी ठेवणारे चार भाग सापडले, एसटीजी १ ते एसटीजी ४. हे भाग शेवटच्या टप्प्यात काही जादू करतात असे आधी वाटले होते. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे फुटवे कमी येतात, फुलोऱ्यापूर्वी पानांचा पसारा आटोपशीर राहतो आणि त्यामुळे जमिनीत पाणी शिल्लक उरते. सुरुवातीला काटकसर, म्हणून शेवटी हिरवेपण. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने मार्करच्या मदतीने हे भाग आर १६ या ज्वारीच्या वाणात उतरवलेही आहेत.

आता मर्यादा. लहान संचावर, म्हणजे शंभरेक ओळींवर नकाशा काढला तर सापडलेल्या क्यूटीएलचा परिणाम खऱ्यापेक्षा खूप फुगून दिसतो, हे बीव्हिस यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. "या एका मार्करने उत्पादन इतके टक्के वाढते" असे वाक्य कानावर आले की मी आधी ओळी किती होत्या ते विचारतो. मक्यात २५ कुटुंबांच्या मिळून सुमारे पाच हजार ओळींवर फुलोऱ्याला लागणाऱ्या दिवसांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एकही बडे जनुक निघाले नाही. डझनावारी भाग निघाले आणि बहुतेकांचा परिणाम जेमतेम दिवसभराचा किंवा त्याहून कमी होता. अशा गुणासाठी एकेक जनुक हुडकत बसण्याऐवजी सगळे मार्कर एकदम हिशेबात घेऊन झाडाचे एकूण मोल वर्तवायचे, ही जीनोमिक निवडीची पद्धत २००१ मध्ये पशुपैदाशीच्या क्षेत्रातून पुढे आली. तिला आधी शेकडो ओळी मोजून हिशेब बसवावा लागतो. एका घरच्या रानातले पान पाठवून "हे कणीस ठेवू की नको" याचे उत्तर मिळणार नाही.

पैदासकार साहेबांशी एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. घरी राखलेली मालदांडी शंभर टक्के शुद्ध वंश असेल असे मी धरणार नाही. शेजारच्या रानातला पराग आला असेल, खळ्यावर बी मिसळले असेल. फरक थोडा का होईना, असू शकतो. शिवाय जनुक आणि जमीन यांची बेरीज नेहमीच सरळ होत नाही. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा अशी शिफारस वेगवेगळी का होते? एका जमिनीत पहिला येणारा वाण दुसऱ्या जमिनीत पहिला येत नाही म्हणूनच ना?

निवृत्त_पैदासकार

मतभेद मान्य. "जवळजवळ सारखी" असे मी म्हटले होते, त्यातल्या "जवळजवळ" वर जोर द्यायला हवा होता.

ज्वारीवाली

सर्वांचे आभार. मी अण्णांना जागा विचारली. त्यांनी तुळईकडे पाहून जुड्या बोटाने दाखवल्या. तीन जुड्यांपैकी एक विहिरीकडच्या बांधाची आहे आणि दुसरी, सर्वांत दणदणीत कणसांची, उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या जिथे चार रात्री बसवल्या होत्या त्या पट्ट्यातली आहे. तिसरी मधल्या रानातली, आणि तिच्यातली कणसे मध्यम आहेत. मी वर्गात याला "पर्यावरणीय प्रसरण" (जमीन, खत, पाणी यांमुळे पडणारा फरक) म्हणून लिहिले आहे, पण ते मेंढ्यांच्या लेंड्यांच्या रूपात तुळईला लटकताना पहिल्यांदाच पाहिले. आमच्या रानात थोडाफार जनुकीय फरक आहे की नाही, हे खर्च न करता घरच्या घरी तपासता येईल का?

निवृत्त_पैदासकार

येईल, आणि त्याला खर्च दोरी व चिंध्यांचाच आहे. ही निवड दोन टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा पुढच्या काढणीच्या वेळचा. रानाचे दोरी धरून दहा-बारा चौकोन करावेत, बांधाकडेच्या दोन-तीन ओळी आणि मेंढ्यांचा पट्टा सोडून द्यावा, आणि प्रत्येक चौकोनातून त्याच चौकोनातली उत्तम पाच कणसे घ्यावीत. पूर्ण रानातली उत्तम पन्नास घेऊ नयेत. चौकोनाच्या आत जमीन बरीचशी सारखी असते, त्यामुळे जमिनीने दिलेला मोठेपणा स्पर्धेतून बाद होतो. दोन्ही बाजूंना शेजारी असलेलेच ताट निवडावे.

दुसरा टप्पा खरी परीक्षा आहे. प्रत्येक कणीस वेगळे मळावे, बी वेगळ्या पुडीत ठेवावे, अर्धे बी राखून अर्धे पेरावे, एका कणसाची एक ओळ. हीच ओळ रानात दुसऱ्या ठिकाणी पुन्हा एकदा पेरावी आणि दर दहा ओळींनंतर एक ओळ नेहमीच्या मिश्र बियाण्याची टाकावी. कणसाची परीक्षा त्याच्या लेकरांवरून करायची. एखाद्या कणसाची ओळ दोन्ही ठिकाणी शेजारच्या मिश्र ओळीपेक्षा सरस निघाली, तर तिथे जनुकांचा काही हात आहे असे मानायला जागा आहे. एकाच ठिकाणी सरस आणि दुसरीकडे साधारण निघाली, तर तो जमिनीचा प्रताप समजावा. सरस ओळींचे राखून ठेवलेले अर्धे बी मग वाढवता येते. धान्याबरोबर कडब्याचेही वजन करावे, नाहीतर कणीस वाढले आणि पेंढी हलकी झाली असा व्यवहार पदरी पडायचा. उत्पादनापेक्षा फुलोऱ्याचे दिवस आणि हजार दाण्यांचे वजन या गुणांची हेरिटॅबिलिटी सहसा जास्त असते, तेव्हा फरक असलाच तर तो आधी तिथे दिसेल. सगळ्या ओळी सारख्याच निघाल्या, तर आपली मालदांडी शुद्ध आहे असे समजून कणसे निवडण्यातली मेहनत वाचवावी आणि नव्या वाणाची एक पिशवी आणून शेजारी पेरून पाहावी.

ज्वारीवाली

पुढच्या काढणीपर्यंत थांबायला अण्णा तयार नाहीत. मधल्या रानाची जुडी त्यांनी आजच खाली उतरवली आणि त्यातल्या चाळीस कणसांना मी क्रमांक घातलेल्या चिंध्या बांधल्या आहेत. यंदा या चाळीस ओळी दोन ठिकाणी पेरू आणि चौकोनांची निवड त्यानंतर करू. मेंढ्यांच्या पट्ट्यातली जुडी आईने मागून घेतली. ती आता दळणात जाईल.